डॉबरमनच्या शेपट्या कापायच्या का, आणि कारवानीचं शेपूट वर का जातं?

तुमच्या लांबलचक प्रश्नाचं सार आधी लिहितो, म्हणजे माझी काही चूक होत असेल तर तुम्हाला कळेल. डॉबरमन कुत्रीला परवा रात्री सात पिल्लं झाली. ज्यांचा नर लावला ते म्हणतात, पाच दिवसांच्या आत शेपट्या काढून घ्या, नाहीतर पिल्लं खपणार नाहीत आणि शोमध्ये तर उभीसुद्धा करता येणार नाहीत. दुसरं, घरी दोन वर्षांचा कारवानी, म्हणजे धावणाऱ्या शिकारी जातीचा नर आहे. चालताना तो शेपूट पार पाठीवर घेतो. त्याला माळेगावच्या यात्रेतल्या प्रदर्शनात न्यायचंय, तर शेपटाचं "काही करता येतं का", असं तुम्ही विचारलंय.

पिल्लांचं उत्तर: कापू नका. कारवानीचं उत्तर: शेपटाला हात लावू नका, शेपूट बघायला शिका. आता कामून ते सांगतो. मी सव्वीस वर्षं उदगीर-लातूर पट्ट्यात जनावरांची डॉक्टरकी करतोय. सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही शेपट्या कापल्यात, हे आधीच कबूल करतो.

तुमच्याकडे दिवस थोडे आहेत, म्हणून पिल्लांचं आधी. दोन ते पाच दिवसांची मुदत येते कुठून? त्या वयात शेपटीचे मणके अजून कुर्चेसारखे मऊ असतात, रक्त कमी जातं आणि पिल्लू तळहातावर मावतं. भूल न देता, एक जण धरतोय आणि दुसरा कापतोय, असं दोन मिनिटांत उरकतं. म्हणजे मुदत आहे ती कापणाऱ्याच्या सोयीची. "डोळे उघडले नाहीत, त्याला काय कळतंय" हे वाक्य मीही मालकांना ऐकवलेलं आहे. ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये डॉबरमन, रॉटवायलर वगैरे जातींच्या 50 पिल्लांची शेपूट कापतानाची वागणूक नोंदवली गेली. एकूण एक पिल्लू किंचाळलं आणि धडपडलं. मला ते नव्याने कळायची गरज नव्हती. माझ्याच टेबलावर मी ते ऐकत होतो, फक्त त्याला नाव देत नव्हतो.

माझा हात थांबला तो एका पावसाळ्यात. निलंग्याकडून एक गृहस्थ बुटाच्या खोक्यात रॉटवायलरची चार पिल्लं घेऊन आले. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी घरीच शेपटीच्या बुडाला केसांचे रबर करकचून गुंडाळले होते. रक्त तुटलं की शेपटी वाळून गळून पडते, असा हिशेब. खोकं उघडायच्या आधी वास आला. दोघांच्या शेपट्या काळ्या पडून लोंबत होत्या. तिसऱ्याचा रबर कातडीत रुतून वर सूज चढली होती. आणि चौथ्याच्या जखमेत अळ्या होत्या, गुदद्वारापर्यंत गेलेल्या. मी चिमट्याने अळ्या मोजत काढत होतो, पस्तिशीनंतर मोजणं सोडलं. ते पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. त्या माणसाला मी काय बोलणार? कात्रीने कापून वर टाका घालणारा मी आणि रबर लावणारा तो, यात फरक सफाईचाच होता. आपल्याकडच्या पावसाळ्यात माश्या कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. गोठ्याशेजारी पिल्लं ठेवली असतील तर अधिकच.

आता शोचं. "कापलं नाही तर शोमधून बाद" हे अर्धवट ऐकलेलं आहे. ब्रीड स्टँडर्ड म्हणजे त्या जातीचा कुत्रा कसा असावा याचं लेखी वर्णन. ते सगळ्या जगात एक नसतं. अमेरिकन केनेल क्लबच्या स्टँडर्डमध्ये डॉबरमनची शेपटी साधारण दुसऱ्या सांध्यापाशी कापलेली मागितली आहे. बॉक्सरच्या बाबतीत तर न कापलेल्या शेपटीचे जबर गुण कापा, असंच लिहिलंय. पण एफसीआयचं, म्हणजे युरोपातून चालणाऱ्या जागतिक संघटनेचं डॉबरमनचं आजचं स्टँडर्ड म्हणतं की शेपटी नैसर्गिक राहू द्यावी, ती उंच आणि हलक्या बाकाने धरलेली असावी. ही जात जर्मनीची. आपोल्डा गावात कर वसूल करणारा लुई डॉबरमन नावाचा माणूस होता, त्याने वसुलीला जाताना सोबत राखण असावी म्हणून एकोणिसाव्या शतकात ती घडवली, असं सांगतात. त्याच जर्मनीने 1998 मध्ये शेपट्या कापायला बंदी घातली, शिकारी कामाच्या कुत्र्यांचा अपवाद ठेवून. नॉर्वेने तर त्याआधीच, 1987 मध्ये. म्हणजे ज्याच्या घरचा हा कुत्रा त्याने कापणं सोडलं, आणि आपण उदगीर-नांदेडात "ओरिजिनल लुक" म्हणून कापतोय!

इंग्लंडचा नियम तर उलट्या बाजूने कडक आहे. 6 एप्रिल 2007 नंतर शेपूट कापलेला कुत्रा, ते कुठेही कापलेलं असो, लोक तिकीट काढून येतात अशा शोमध्ये तिथे दाखवताच येत नाही. तुमचं पिल्लू क्रफ्ट्सला, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध डॉग शोला जाणार नाही हे मला ठाऊक आहे. पण "शो म्हणजे कापलेली शेपटी" हे समीकरण कुठवर खोटं आहे ते यातून कळावं. आपल्याकडच्या रिंगमध्ये शेपटीसकट उभे राहिलेले डॉबरमन आणि रॉटवायलर मी स्वतः पाहिलेत, बक्षीस घेतानाही पाहिलेत.

आणि अमेरिकेच्याच पुस्तकातली गंमत बघा. तेच लोक जर्मन शेफर्डची शेपूट कापलेली दिसली तर कुत्रा थेट बाद करतात. लॅब्रॅडॉरचंही तसंच. शेपटीची लांबी किंवा तिची नैसर्गिक ठेवण बदललेली आढळली की बाद. एकाच मैदानात एका जातीला कापलं नाही म्हणून शिक्षा आणि दुसरीला कापलं म्हणून शिक्षा. यात आरोग्याचं शास्त्र असतं तर ते जातीजातीला उलटं झालं नसतं. कोण कुठल्या काळात काय करत होतं, त्याची ती नक्कल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन लेखक लिहून गेलाय की चाळीस दिवसांच्या पिल्लाच्या शेपटाचं टोक दातांनी तोडून आतली शीर ओढून काढली तर त्याला रेबीज होत नाही. आपल्याकडेही शेतावरच्या पिल्लाचे कान छाटले की ते "तिखट" होतं म्हणणारे आहेतच. रेबीजला लस आहे, पिल्लू तीन महिन्यांचं झालं की टोचून घ्या. तिखटपणा आई-बापाकडून येतो.

तुम्ही कायद्याचंही विचारलंय. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये जनावराचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं गुन्हा धरलंय. त्याच कलमात पुढे काही अपवाद आहेत आणि ते आपल्या शेतकऱ्यांना पाठ असल्यासारखे आहेत: शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं, तेही ठरवून दिलेल्या पद्धतीने. कुत्र्याची शेपूट त्या यादीत नाही. व्हेटर्नरी कौन्सिल ऑफ इंडियाने 2011 मध्ये जनावरांच्या डॉक्टरांना डॉकिंग (शेपूट कापणं) आणि कान कापण्याविरुद्ध पत्र काढलं, ते मद्रास उच्च न्यायालयाने 2013 मध्ये रद्द केलं. ब्रीडर मंडळी त्या निकालाकडे बोट दाखवून "आता चालतं" म्हणतात. रद्द झालं ते पत्र. कलम 11 जागेवर आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे हे ऐकून हसू नका, प्रश्न दंडाचा नाही. तुम्ही पिल्लं विकणार आहात म्हणून एवढं आणखी: 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

"मोठं झाल्यावर शेपूट आपटून जखमी होतं, म्हणून लहानपणीच काढलेलं बरं" हाही मुद्दा तुमच्या नरवाल्याने मांडलेला दिसतोय. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. ब्रिटनमध्ये 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दवाखान्यांत आलेल्या 1,38,212 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. शेपटीच्या दुखापती निघाल्या 281. हिशेब असा बसला की एक दुखापत टाळायला साधारण 500 कुत्र्यांची शेपटी कापावी लागेल. दुखापत जास्त कुणाला? जे शेपूट रुंद हलवतात त्यांना, आणि जे पिंजऱ्यात ठेवलेले असतात त्यांना. हे दुसरं मला रोज दिसतं. लातूरला एका बंगल्यात ग्रेट डेन होता. चार बाय सहाच्या लोखंडी पिंजऱ्यात. मालक आले की आनंदाने शेपूट दोन्हीकडच्या गजांवर थाडथाड आपटायचा. टोक फुटलेलं, भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला रक्ताचे शिंतोडे. तीनदा ड्रेसिंग केलं, तीनदा उडवलं. शेवटी मी फोमचा पाइप उभा चिरून, आत कापूस घालून शेपटीवर चढवला आणि मालकाला म्हटलं, पिंजरा काढा. पिंजरा गेला, तीन आठवड्यांत जखम भरली. कुत्र्याचं शेपूट नळीत घालायचं असतं ते असं, जखम भरायला. सरळ करायला घालणारेही येतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

शेपूट कापावं लागतं का कधी? लागतं. चेंगरलेलं, सडलेलं, गाठ झालेलं, सगळे उपाय करून पुन्हा पुन्हा फुटणारं. तेव्हा पूर्ण भूल देऊन, वेदनाशामक देऊन मी आजही कापतो.

एक सावधगिरी. "जन्मतःच आखूड शेपटीचं" म्हणून कुणी डॉबरमन विकायला आला तर पिल्लाची शेपटी बोटांनी चाचपा, टोकाला टणक व्रण लागेल. खरी जन्मजात आखूड शेपटी एका जनुकामुळे येते आणि ती पेम्ब्रोक कॉर्गीसारख्या जातींत आहे. ते जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर गर्भ पोटातच मरतो. ब्रूस कॅटनाक या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाने कॉर्गीचं हे जनुक बॉक्सरमध्ये आणून दाखवलं, पण त्याला संकर करून पिढ्यान्पिढ्या निवड करावी लागली. बाजारात फिरणाऱ्या डॉबरमनमध्ये ते आपोआप येत नाही.

आता तुमचा कारवानी. खरं सांगू का, मला यावरच जास्त लिहायचं होतं.

शेपटीच्या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिका: जोड आणि ठेवण. जोड म्हणजे शेपूट धडाला कुठे बसलंय, वर की खाली. ठेवण म्हणजे कुत्रा ते कसं धरतो. जोड हाडाची असते. कमरेमागचा पुठ्ठा सपाट असला तर शेपूट वर बसतं, उतरता असला तर खाली. ठेवणीत हाडाबरोबर मन येतं. शेपटीत 20 ते 23 मणके असतात आणि तो पाठीच्या कण्याचाच शेवट आहे. म्हणून जाणकार जज शेपटीकडे बघतो तेव्हा खरं तर पुठ्ठा आणि कणा वाचत असतो. देवणीचा वळू निवडताना जुने शेतकरी शेपटीचं बूड मुठीत धरून बघतात, गोंडा कुठवर येतो ते बघतात. तीच नजर इथे लागते.

जातीप्रमाणे मागणी बदलते. लॅब्रॅडॉरला बुडाशी जाड, टोकाकडे निमुळतं, पाणमांजरासारखं शेपूट हवं. ते आनंदाने वर धरलं तर चालतं, पाठीवर वळलेलं चालत नाही. जर्मन शेफर्डचं खाली तलवारीसारखा बाक घेऊन लोंबायला हवं. पगला उलट जितकं घट्ट वेटोळं तितकं चांगलं, दोन वेढे पडले तर जज खूश. (टीव्हीवरच्या फोनच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पगांचा पूर आला. वेढ्याखालच्या घडीतली कातडी रोज पुसा, एवढंच त्यांच्या मालकांना सांगणं.)

कारवानी हा धावणारा, नजरेने शिकार धरणारा कुत्रा. पूर्वी काफिल्यांबरोबर आला म्हणून कारवान. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवतं. कर्नाटकातले लोक मुधोळ म्हणतात, त्या भांडणात मी पडत नाही. अशा कुत्र्याचा पुठ्ठा जरा उतरता असतो, त्यामुळे मागचे पाय धडाच्या खाली लांबवर पुढे येतात आणि झेप मिळते. पुठ्ठा उतरता म्हणून शेपटाची जोड खाली, आणि ठेवण नैसर्गिक बाकाची. म्हणून वर्तुळासारखं पाठीवर गेलेलं शेपूट खटकतं. नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही, कुठेतरी पुठ्ठा सपाट झालाय का ही शंका त्यातून येते. गावठी कुत्र्याचं रक्त मिसळलं की पहिल्यांदा शेपूट बोलतं, असं आमच्याकडचे जुने कारवानीवाले म्हणतात. माझाही अनुभव बराचसा तसाच आहे. पण त्यावरून एकट्या शेपटीवर कुत्र्याची जात ठरवू नका.

घरी असं तपासा. सकाळी, आजूबाजूला दुसरं कुत्रं नसताना, सपाट अंगणात त्याला उभा करा. पाठीवरून हात फिरवत कमरेमागे न्या, पुठ्ठ्याचा उतार तळहाताला कळेल. मग शेपूट अलगद खाली सोडून मागच्या पायाच्या आतून घ्या. शेवटचं हाड, केस नव्हे, हॉकच्या सांध्यापर्यंत, म्हणजे मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत येतं का बघा. बुडापासून टोकापर्यंत अंगठा आणि बोटाने प्रत्येक मणका चाचपा. कुठे अडखळ, गाठ किंवा मोड लागला तर जन्मजात आहे की दारात सापडून मोडलंय ते आठवा. मग साखळी सैल सोडून बाजूने चालवा, दुसऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. मोकळ्या, संथ चालीत शेपूट खाली बाकाने राहत असेल आणि फक्त दुसरा नर दिसला की वर जात असेल, तर हाड ठीक आहे, तो नुसता तोरा आहे. दोन वर्षांच्या नराला तोरा असणारच. एकटा, शांत असतानाही पाठीवर वेटोळं असेल तर तो दोष आहे. तो घेऊन प्रदर्शनात जायला हरकत नाही, पण त्याच्यावरून पिल्लं काढताना मादी उतरत्या पुठ्ठ्याची बघा.

तोरा कमी करायचे साधे उपाय आहेत. रिंगमध्ये साखळी वर ताणून धरू नका. मान वर ओढली की शेपूट वर जातं. खाऊ हातात उंच नाचवू नका, खाली धरा. पुढच्या कुत्र्यापासून दहा-बारा पावलं मागे चाला. आणि आठवडाभर आधीपासून गर्दीच्या ठिकाणी, बसस्टँडवर, आठवडी बाजारात फिरवून आणा. त्याला घाबरवून शेपूट खाली आणायचा विचार तर मनातही आणू नका. मागच्या दोन पायांत घातलेलं शेपूट वर घेतलेल्यापेक्षा वाईट दिसतं.

न करायचे उपाय मी पाहिलेले आहेत. रात्रभर शेपटीला वजन बांधणारे. प्लास्टिकच्या पाइपात घालून चिकटपट्टी लावणारे, त्यात एकाचं टोक सुजून काळं पडलेलं. आणि "आतली शीर सोडवून द्या" म्हणणारे. शेपूट उचलणारे स्नायू कापून ते खाली पाडायचं ऑपरेशन असतं, हो. ते मी करत नाही. प्रदर्शनासाठी ते फसवणूक आहे, आणि पिल्लांत दोष जसाच्या तसा उतरतो, कारण स्नायू कापले म्हणून पुठ्ठा बदलत नाही.

शेपूट एकदम मेल्यासारखं लोंबायला लागलं तर घाबरू नका. लॅब्रॅडॉर आणि शिकारी कुत्र्यांत हे दिसतं. हिवाळ्यात विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ घातली, किंवा मांजरा नदीच्या पात्रात तासभर पोहला, की दुसऱ्या दिवशी बुडाशी ताठ आणि पुढे लुळं. मालक सांगतात, "साहेब, कुणीतरी मारलं हो शेपटीवर." मारलेलं नसतं, स्नायू आखडलेले असतात. आराम आणि डॉक्टरने दिलेलं औषध, आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत. घरातली ब्रुफेन देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ती विषासारखी आहे.

आता पिल्लांच्या गिऱ्हाइकांचं. "शेपूट ठेवलं तर घेणार कोण?" ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एकाने सहा डॉबरमन शेपटीसकट ठेवले. पहिले तिघं बघून परत गेले. मग त्याने एक गोष्ट केली: येणाऱ्याला आधी पिल्लांचा न कापलेला बाप दाखवला, अंगणात पळताना. गिऱ्हाइकाला कापलेला डॉबरमनच ठाऊक असतो, पूर्ण कुत्रा त्याने पाहिलेलाच नसतो. सहाही गेली, शेवटची दोन जरा कमी पैशांत. कॅनडात एक प्रयोग झाला होता, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. नकली कुत्र्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावलं. लांब शेपूट हलताना दिसलं की इतर कुत्री सहज जवळ यायची, ताठ असलं की बिचकायची. आखूड असताना त्यांना फरकच कळेना. गिऱ्हाइकाच्या घरी आधीचा कुत्रा असेल तर हे त्याला जरूर सांगा.

पाचव्या दिवशी कात्री लागेलच, पण नखांना. पिल्लांची नखं सुईसारखी होतात आणि दूध पिताना आईची आचळं ओरबाडतात, टोकं तेवढी छाटा. रोज सकाळी वजन लिहून ठेवा. ज्याचं दोन दिवस वाढत नाही त्याला मागच्या, जास्त दुधाच्या आचळाला लावा. दोन आठवडे झाले की जंताचं औषध. आणि कारवानीचा तो व्हिडिओ मला पाठवा, बाजूने काढलेला, साखळी सैल असलेला. समोरून काढलात तर पुठ्ठा दिसत नाही.